मारोतीमामांची रेघ

मुलगी पाहायला म्हणून मी मानवतला गेलो, तेव्हा मुलीच्या आधी मुलीच्या वडिलांचं ओरडणं कानावर आलं. "ओ पाव्हणं! तितंच थांबा! पाय उचला आधी, पाय!" मी पाय उचलला आणि त्या भल्यामोठ्या मैदानात, नवी पँट आणि नवे बूट घालून, एका पायावर उभा राहिलो. माझ्या मागे माझे वडील, त्यांच्या मागे मध्यस्थ. समोरून हातात सुतळीचं बंडल घेतलेला, कोपरापर्यंत पांढरा झालेला एक सडपातळ माणूस लगबगीने येत होता.

झालं होतं असं, की आम्ही ठरल्या वेळी घरी पोचलो तर घरात सगळे होते, फक्त मुलीचे वडील नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेत तालुक्याचे खो-खोचे सामने होते आणि ते मैदान आखायला गेले होते. "येतीलच आता" असं म्हणता म्हणता तास गेला. शेवटी माझे वडील म्हणाले, चला, आपणच जाऊ. शाळा हाकेच्या अंतरावर होती. तिथे मी नेमका नुकत्याच मारलेल्या फक्कीवर, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीच्या रेघेवर, पाय दिला. "नाराज होऊ नका," ते जवळ येऊन म्हणाले, "रेघ ताजी हाय. आन् एक सांगू का, मैदानात पायताण आणत न्हाईत." मग आम्ही तिघांनी बूट-चपला काढून कडेला ठेवल्या आणि माझ्या लग्नाची पहिली बोलणी अनवाणी झाली. घरी जाऊन त्यांनी माझ्याबद्दल काय निकाल दिला, ते मला त्या मुलीने, म्हणजे अर्चनाने, लग्नानंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "पोरगा बरा हाय. सांगितलं की पाय उचलतो."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि शाळेतल्या शिपायालाही मामाच म्हणतात. मारोतीमामा मूळचे पेडगावचे, पण सगळी नोकरी त्यांनी मानवतच्या एका शाळेत शिपाई म्हणून केली. त्यामुळे त्यांना मामा म्हणायचा खरा हक्क मला एकट्याला असला, तरी बसस्टँडवर उतरलं की पानवाल्यापासून तहसीलमधल्या कारकुनापर्यंत अर्धं मानवत त्यांना मामा म्हणूनच हाक मारतं. सुरुवातीला मला याचा थोडा रागही यायचा. जावयाला काही खास म्हणून उरतच नव्हतं.

घंटा देणं, रजिस्टर फिरवणं, पाणी भरणं ही कामं मामा करायचे, पण त्यांचा जीव होता मैदान आखण्यात. दोन खुंट्या, ताणलेली सुतळी आणि मूठ, बाकी काही लागत नसे. मुठीतून फक्की अशी सोडायचे की रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं रुंद. "सुतळी ताणलेली पाह्यजे आन् मन ढिलं," ते म्हणायचे. "उलटं झालं की रेघ वाकडी." स्वतः मात्र जन्मात कुठला खेळ खेळले नाहीत. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "खेळायचं लेकरांनी, आखायचं आपुन."

खो-खोत पाठलाग करणाऱ्याचा पाय मधल्या पाटीला, म्हणजे दोन खांबांमधल्या आखीव पट्ट्याला, लागला की फाऊल. शर्यतीत शेजारच्या रेघेवर पाय पडला की बाद. लांब उडीत रेघेला अंगठा लागला की उडी गेली. "रेघंला लागलं की गेलं" हा मामांच्या आयुष्यातला एकमेव कायदा होता, आणि पंचांना शंका आली की ते पंच असूनही मामांकडे बघायचे. एका वर्षी त्यांच्याच शाळेचा मुलगा दोनशे मीटरमध्ये पहिला आला. बाहेरच्या शाळेने तक्रार केली, पंचांनी मामांना विचारलं, मामांनी वाकून रेघ पाहिली आणि पुसलेली जागा दाखवली. बक्षीस गेलं. हेडमास्तरांनी पुढे आठ दिवस मामांकडे पाणी मागितलं नाही. स्वतः उठून माठातून घ्यायचे. मामांना त्याचं काही नव्हतं. "फक्की कुणाची सोयरी न्हाई," एवढंच म्हणाले.

पुढे माझ्या नोकरीमुळे मी आणि अर्चना जर्मनीत ब्रेमेनला राहायला गेलो. मामा निवृत्त झाले, त्यानंतर दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. मानवतच्या घरात मामा एकटेच राहिले. अर्चना दर रविवारी फोनवर विचारायची, "दादा, कवा येताव?" आणि मामा दर रविवारी एक नवं कारण सांगायचे. एकदा तर त्यांनी शेजाऱ्याची म्हैस व्यायची आहे असं सांगितलं. शेवटी अर्चना फोनवर रडली, तेव्हा ते तयार झाले. तीन महिन्यांचा व्हिसा निघाला. मार्चच्या शेवटी मामा ब्रेमेनच्या विमानतळावर उतरले ते डोक्याला दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, बांधून, हातात ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि करडईच्या तेलाचा डबा असलेली, सुतळीने करकचून बांधलेली पिशवी घेऊन.

पहिले आठ दिवस मात्र अवघड गेले. मामा पहाटे उठून अंथरुणाची घडी करून ठेवत. जेवले की स्वतःचं ताट स्वतः घासत. बाल्कनी झाडत, आम्ही कचरा टाकायच्या आत तो टाकून येत, आणि काही काम उरलं नाही की सोफ्याच्या अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. साहेबाने आत बोलवायची वाट बघत असल्यासारखे. ताटात दुसरी भाकरी पडायच्या आत हात आडवा करत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "लेकीच्या घरी बसून खायचं म्हंजी घास उतरत न्हाई, जावईबापू. तुमी वाईट वाटून घेऊ नका. घर तुमचं झाक हाय." नवव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "तिकिटाची तारीख अलीकडं घेता येती का?" अर्चना भांडी घासत होती. तिने नळ मोठा सोडला आणि वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, मामा, चला, नदीवर फिरून येऊ.

नदीच्या बांधाखाली एका छोट्या क्लबचं फुटबॉलचं मैदान आहे. मी तोवर तिथून शंभरदा गेलो असेन, पण आत कधी डोकावलो नव्हतो. मामा फाटकापाशी थांबले. एक म्हातारे गृहस्थ लोखंडी गाडा ढकलत होते आणि गाड्याखालून गवतावर पांढरी रेघ उमटत होती. मामांच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मी अडवायच्या आत त्यांनी बूट-मोजे काढले, फाटकाशी नीट लावून ठेवले, आणि त्या थंडीत अनवाणी मैदानात शिरून, रेघेच्या बाजूबाजूने, वाकून बघत चालू लागले. म्हाताऱ्यांना वाटलं, याचं काहीतरी हरवलं आहे. तेही गाडा सोडून वाकून शोधू लागले. दोघे पुढे-मागे असे निम्मं मैदान चालून गेले. कोपऱ्याशी मामा थांबले आणि त्यांनी बोटाने दाखवलं. रेघ तिथे चांगली वीतभर आत वाकली होती.

त्या गृहस्थांचं नाव हेल्मुट. वय पंचाहत्तरच्या पुढे, कंबर धरलेली, आणि गेली कित्येक वर्षं ते मैदान त्यांच्याच हातात. परक्या, अनवाणी माणसाने आपली रेघ वाकडी म्हणावी हे त्यांना अजिबात आवडलं नाही. ते माझ्याकडे वळून घुश्शात काहीतरी बोलले, ते मी मामांना भाषांतर करून सांगितलंच नाही. पण पुढच्या शनिवारी मामा पिशवीची सुतळी सोडून, खिशात घालून, एकटेच तिकडे गेले. मी संध्याकाळी बघायला गेलो तर दोघे दोन टोकांना सुतळी धरून उभे होते आणि एकमेकांवर ओरडत होते, हे मराठीत आणि ते जर्मनमध्ये. सुतळी मात्र ताणलेली होती.

त्यानंतर तिकिटाचा विषय निघाला नाही. शनिवारी आखणी आणि रविवारी सामना, असं मामांचं ठरून गेलं. क्लब म्हणजे वस्तीतल्या हौशी लोकांचा. त्यात एक पोस्टमन, दोन सुतार, एक दातांचा डॉक्टर आणि यान नावाचा बेकरीत काम करणारा पोरगा, जो सगळ्यांत चांगला खेळायचा. मामांना ते "मामा" म्हणू लागले. म्हणजे मानवतची रड ब्रेमेनमध्येही माझ्यामागे आलीच. मामा सामना बघायचे तोही आपल्या पद्धतीने. सगळे चेंडूमागे माना फिरवत असताना यांची नजर कुठे रेघ पुसली जाते यावर. मी विचारायचो, "मामा, काय झालं? गोल कोणी केला?" तर म्हणायचे, "गोल-बिल मला इचारू नका. त्या गोलकीपरनं समदी रेघ पायानं इस्कटून टाकायलीय, ते बगा."

एका शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. मैदानात कोणी नव्हतं. हेल्मुट गोलात उभे होते, दोन्ही हात पसरून, आणि मामा अनवाणी पायाने पेनल्टी मारत होते. चेंडू हेल्मुटच्या बाजूने सावकाश आत गेला, कारण हेल्मुटना वाकता येत नव्हतं. मामांनी दोन्ही हात वर केले आणि तेवढ्यात मी दिसलो. शाळेच्या शिपायाने भिंतीवरून उडी मारणाऱ्या पोराला पकडावं तसा त्यांचा चेहरा झाला, फक्त या वेळी पोरगा ते होते. "ठिपका बरोबर पडलाय का ते बगायलो," ते म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे. मी ते अर्चनाला सांगितलं, तेव्हा ती हसली आणि तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. सामन्यांत एक गोष्ट मामांना खटकत होती आणि त्यांनी ती मला दोनदा सांगितली. "हेलमूटराव भला माणूस," ते म्हणाले, "पण नजर कमी झालीया. रेघंला चेंडू लागला तरी झेंडा वर करत न्हाईत. पाव्हणा माणूस मी, कसं बोलू?" अशा छोट्या सामन्यांना पंच एकच येतो, आणि कडेच्या रेघेवर झेंडा घेऊन उभं राहायला दोन्ही क्लब आपापला एकेक माणूस देतात. चेंडू बाहेर गेला की झेंडा वर करायचा, एवढंच त्याचं काम. आमच्या क्लबकडून ते हेल्मुट करायचे. मी दोन्ही वेळा "वय झालं हो त्यांचं" असं म्हणून कॉफी पीत राहिलो. मामा नेमकं काय म्हणतायत याचा विचार करायची मला गरज वाटली नाही.

मेमध्ये हंगामाचे शेवटचे दोन सामने उरले. क्लब तळाशी होता. दोन्हींतला एक तरी जिंकला नाही तर खालच्या गटात जाणार होता, आणि त्या लोकांसाठी ती लहान गोष्ट नव्हती. त्या रविवारी हेल्मुटची कंबर इतकी धरली की त्यांना उभं राहवेना. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी झेंडा मामांच्या हातात दिला. मला म्हणाले, "विचार यांना, रेघा सांभाळाल का?" मी विचारलं. मामांनी दस्ती सोडून पुन्हा घट्ट बांधली. "सांगा त्यांना," ते म्हणाले, "जन्म त्यातच गेलाय."

पहिल्या अर्ध्यात मामांनी तीन-चार वेळा झेंडा वर केला. खेळाडूंनी जरा चमकून बघितलं, पण मैदानाच्या मधोमध एका थ्रोसाठी कोण भांडतो? मी तेव्हा कुणाशी तरी घरभाड्याबद्दल बोलत होतो. शेवटची चार-पाच मिनिटं उरली, बरोबरी होती, एक-एक. यान चेंडू घेऊन मामांच्या अगदी समोरून, रेघेला घासून धावत निघाला. चेंडू रेघेवरून घरंगळला, फक्कीचा बारीक धुरळा उडाला आणि मामांचा झेंडा ताठ वर गेला. पंचाने शिट्टी मारली, तोवर यानने आत वळून गोल केलाही होता. गोल रद्द झाला. यान ओरडत मामांकडे धावला. मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी चेंडू मागून घेतला, उलटा केला आणि त्यावरचा पांढरा पट्टा सगळ्यांना दाखवला. समोरच्या संघाने टाळ्या वाजवल्या. सामना बरोबरीतच सुटला.

मामा माझ्याकडे आले ते समाधानाने. "आपल्याच पोराचा गोल होता हो, जावईबापू," ते म्हणाले, "जीव तुटला. पर काय करता, रेघंला लागला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

घरी चालत निघालो तेव्हा मी त्यांना सांगितलं. फुटबॉलमध्ये रेघ मैदानातलीच धरतात. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेघेपलीकडे गेला तरच बाहेर. रेघेला लागला, रेघेवरून गेला, तरी खेळ चालू. मामा म्हणाले, "पुन्यांदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "म्हंजी रेघ आतली?" "हो मामा." "आन् हेलमूटरावाची नजर?" "नजर चांगली आहे त्यांची." मामा झपाझप पुढे निघाले आणि घर येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढेच राहिले.

घरी येऊन त्यांनी बॅग काढली. "उद्याचं तिकीट मिळतंय का बगा. ज्या माणसानं झेंडा हातात दिला त्याला तोंड कसं दावू?" मी म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही. ते खरंच होतं आणि मला ते मनापासून लागलं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "झेंडा तुमच्या हातात नव्हता." आणि कपड्यांच्या घड्या घालू लागले.

अर्चना आत आली आणि सरळ त्या बॅगेवर बसली. अर्चना शाळेत खो-खो खेळायची एवढं मला माहीत होतं, पण पुढचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दादा, सेलूचे सामने आठवतात का?"

"आठवतात की."

"मी शेवटचा गडी मारला, आन् तुमी पंचाला बोलावून सांगितलं, पोरीचा पाय पाटीला लागला म्हणून. आमी हरलो."

"लागला होता."

"मी घरी येऊन दोन दिवस जेवले न्हाई. समद्या गल्लीला सांगितलं, माझ्या बापानंच मला हरवलं, पाय लागलाच नव्हता म्हणून." तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "लागला होता, दादा. मला तवाच कळलं होतं."

मामांनी हातातल्या सदऱ्याची मोडलेली घडी पुन्हा घातली. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुझ्या अंगठ्याला फक्की होती. न्हाणीत जाऊन तूच धुतलीस. मी बगितलं."

"मग इतकी वर्सं बोलला कामून न्हाईत?"

"लेकराला काय बोलायचं? धुतलीस म्हंजी तुला कळलंच होतं की."

अर्चनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बॅगेवरून उठली नाही. "मी तर खोटं बोलले, तरी तुमच्याच घरात राहिले, तुमच्याच ताटात जेवले. तुमी मला घराबाहेर काढलं न्हाई. तुमी खोटंबी बोलला न्हाईत, दादा, चुकलात फकस्त. मग कुठं निघालात?"

मामांनी हातातला सदरा पलंगावर ठेवला. मग म्हणाले, "ऐतवारापस्तोर थांबतो. सगळ्यांम्होरं सांगतो, मग बगू." त्या आठवड्यात ते घरातून फारसे बाहेर पडले नाहीत. मी क्लबमध्ये फोन करून नियमाचा घोळ सांगितला होता. हेल्मुट म्हणाले, असं होतं, विसरायला सांग. मी तसं मामांना सांगितलं. "इसरणं त्यांच्या हातात हाय," मामा म्हणाले, "सांगणं माझ्या."

शेवटच्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी मामा अनवाणी मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी शेजारी भाषांतराला. अर्चना कडेला हेल्मुटच्या खुर्चीजवळ. दोन्ही संघ आणि पंच गोळा झाले. मामांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "मागल्या ऐतवारी या लेकराचा गोल मी खाल्ला," ते यानकडे बघत म्हणाले. "रेघ आतली का भायेरची ते मला म्हाईत नव्हतं. म्हाईत नसताना इचारलं न्हाई, ही माझी गलती. चौतीस वर्सं रेघ मारली, वाटलं समदं येतं. माफी असावी." मी जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं. मग यान पुढे आला. तो म्हणाला, "मामांना सांग, या वर्षी मी रिकाम्या गोलासमोर तीन वेळा चेंडू बाहेर मारला. मला कोणी मधोमध उभं राहायला सांगितलं नाही." आणि त्यानेही स्वतःचे कान धरले. मैदानभर हशा पिकला. मामांना हसण्याचं कारण कळलं नाही, पण यानने मिठी मारली ती कळली.

हेल्मुट खुर्चीतून कसेबसे उठले आणि त्यांनी झेंडा पुन्हा मामांपुढे धरला. मामा मागे सरले. हेल्मुट हटले नाहीत. शेवटी मामांनी तो घेतला. चेंडू रेघेजवळ आला की मामा गुडघ्यांवर वाकून डोळे बारीक करून बघत, आणि सवयीने हात वर जाईल म्हणून दुसऱ्या हाताने झेंडा पाठीमागे घट्ट धरून ठेवत. एकदा चेंडू रेघेवरून चांगला दहा पावलं घरंगळत गेला. मामांच्या कपाळाला घाम आला होता, पण झेंडा पाठीमागेच होता. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर मला ऐकू आलं, "आतली हाय, आतली हाय, आतली हाय." आमचा क्लब दोन-शून्यने जिंकला. खरं सांगायचं तर समोरच्या संघाचे चार खेळाडू एका लग्नाला गेले होते.

त्या संध्याकाळी जेवताना मामांनी पहिल्यांदा ताट पुढे केलं. "आर्चू, अजून एक भाकर टाक," ते म्हणाले. "आज लय भूक लागली." अर्चनाने दोन टाकल्या. जेवण झाल्यावर ताट घासायला ते उठले, पण ती "ठेवा तितंच" म्हणाली, आणि त्यांनी खरंच ठेवलं.

पूर्ण तीन महिने राहून मामा जूनमध्ये परत निघाले. विमानतळावर हेल्मुट कंबरेला पट्टा बांधून आले होते. दोघांनी बराच वेळ हात हातात धरून ठेवले. आत जायची वेळ झाली. मामांनी मला नेहमीसारखा रामराम घातला, अर्चनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चार पावलं पुढे गेले. मग वळून परत आले. इतकी वर्षं जो प्रश्न अर्चना त्यांना फोनवर विचारत होती, तो आता त्यांनी तिला विचारला.

"आर्चू, पुन्यांदा कवा येऊ?"

सगळ्या विमानतळासमोर अर्चनाने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती लहान पोरीसारखी रडली.